लबाड यादोरावच्या घरापासून डावीकडे

७ सप्टेंबर २०२५, रविवार

नाही म्हणजे नाही. हेमराजनं कितीबी डोकं खाल्लं तरी फोनातला मोठा नकाशा शहाणा आहे असं मी मानणार नाही. तो म्हणते, "अबे, अख्खी दुनिया त्याच्यावर चालते, तू कोण लागून गेला?" चालत असन. अख्ख्या दुनियेनं काल तीनचाकीत दहा फुटाचे पाईप बांधून त्या गल्लीत शिरून पाहाले पाहिजे होतं. फोनातली बाई म्हणते, उजवीकडे वळा. उजवीकडे गणपतीचा मांडव, आडवा, अन् मांडवात शंभर लोक जेवून राहिले. डावीकडे नाली. अर्धा किलोमीटर उलटा गेलो. पाईपाले बांधलेलं लाल फडकं एका म्हातारीच्या बादलीत बुडालं. ती तेलुगूत जे बोलली ते मले समजलं नाही, बरं झालं. अन् बाई थंड. "मार्ग पुन्हा शोधत आहे."

हेमराज म्हणते, मांडव आहे हे तिले काय माहीत? मी म्हणतो, माहीत नाही तं बोलते कायले?

हा हेमराज मोहाडीचा, मी मोहाडी तालुक्यातला. इथं हैदराबादेत बालानगरले एका खोलीत दोघं राह्यतो. तो लेथवर आहे. मी पाईप-नळाच्या गोदामाची तीनचाकी चालवतो. आधी वरठीले लोखंडाच्या प्लांटात ठेकेदाराकडे होतो, चार महिने. मग नागपूरले, सात महिने. इथं दोन वर्षं होऊन राहिली. एवढा तं मी शाळेत बी कुठं सलग बसलो नाही.

ही वही गोदामातली आहे, पुढून सेठचा माल लिहिलेला, मागून कोरी. फोनात लिहिता आलं असतं. पण फोनात लिहिलेलं कोण कोण वाचते काय माहीत.

९ सप्टेंबर

मी उगाच नाही म्हणून राहिलो. हेमराज माहा फोन घेऊन बसला होता रिचार्ज कराले. एकदम ओरडला, "अबे निकेश, हे काय बे?"

मोठ्या नकाशात एक कप्पा आहे. मले माहीतच नव्हता. त्यात माहा एक एक दिवस लिहून ठेवलेला. कुठून कुठं गेलो, किती वाजता, किती वेळ थांबलो. मी कधी लिहाले सांगतलं नव्हतं. सुरुवातीले काही तरी 'हो' दाबलं असन, हेमराज म्हणते. 'हो' तं मी सगळ्यालेच दाबतो.

जूनपासून तेरा रविवार. तेराही रविवार सिकंदराबाद स्टेशन. एक घंटा वीस मिनिटं. एक घंटा चाळीस मिनिटं.

"कोणाले भेटते बे तिथं?"

"कोणाले नाही."

"मग काय फलाट मोजते?"

मी म्हटलं चहा चांगला भेटते. चहा बी पीत नाही मी तिथं. नागपूरकडची गाडी लागते, लोक चढतात, गाडी जाते, मी खोलीवर येतो. एवढंच. त्यात लिहून ठेवासारखं काय आहे? पण तेरा? मले वाटलं तीन-चार वेळा गेलो असन.

तो कप्पा पुसून टाकला. पुसला का खरंच, ते कोणाले विचाराचं?

१२ सप्टेंबर

सेठनं सगळ्या ड्रायव्हरायले रांगेत उभं केलं अन् फोनात देशी कंपनीचा नकाशा टाकाले लावला. "ये डालो सब. मेरे को इधर बैठे-बैठे सब की गाडी दिखना." मले वेगळं म्हणे, "तू कल मूसापेट में चालीस मिनट क्या कर रहा था?"

"खाना खा रहा था सेठ."

"चालीस मिनट? दावत थी क्या?"

देशी तसा वाईट नाही. गल्लीबोळ बरोबर दाखवते, घराचा नंबर बी सांगते. मराठी बोलते, पण कोणती मराठी! "वर्तुळाकार चौकातून दुसऱ्या निर्गमनाने बाहेर पडा." निर्गमन म्हणजे काय हे समजेपर्यंत चौकाले तीन चकरा झाल्या. पोलीस पाहाले लागला तेव्हा जो रस्ता पुढं आला त्यानं निघालो.

मोठा सगळं लक्षात ठेवते, कोणाले सांगते ते माहीत नाही. देशी सेठले सांगते, हे माहीत आहे. आता दोघायतून कोणता घ्याचा? जेवाले बसलो. सारखं वाटे सेठ ताटात पाहून राहिला.

१८ सप्टेंबर

एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात संडासाचे नळ द्याले गेलो होतो. तिथं आईचा फोन आला, मी बोलत होतो, "हो ना, जेवून राहिलो, कायले फिकर करते?" तं टेबलाजवळची एक मॅडम हसाले लागली. "भंडाऱ्याचा का रे तू?" मेघा मॅडम, तुमसरची. दोन वर्षात पहिल्यांदा इथं कोणी 'का रे' म्हटलं.

मी तिले फोनाचं रडगाणं सांगतलं. तिनं फोन घेतला अन् तिसराच नकाशा टाकून दिला. म्हणे, "मोठा फुकट आहे, कारण तू कुठं जातो तोच त्याचा माल. देशीमध्ये तू मालकाच्या खात्यावर आहेस. हा खुला आहे, लोकांनी मिळून काढलेला. एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. तू कुठं गेला ते ह्यात कुठंच जात नाही. फक्त एक लक्षात ठेव, निकेश. तू स्वतः ह्यात जे काढशील, लिहिशील, ते मात्र सगळ्यांचं होते. ऐकतो आहेस ना?"

मी म्हटलं हो मॅडम. नळाची पावती सापडून नव्हती राहिली, सगळे खिसे उलटे केले.

खुला लाजवाब आहे. मुका आहे, मराठी बोलत नाही, पण शिकवत बी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज स्टेशनवर नाही गेलो. गेलो असतो तरी फोनले समजलं नसतं. जावंसंच नाही वाटलं.

खुल्यात आपलं गाव पाहिलं. चिचबोडी, आंधळगावाहून सात किलोमीटर. मोठ्या नकाशात नाव आहे, पण रस्ता तलावात जाते. खोटं नाही. रेघ सरळ पाण्यात शिरते अन् पलीकडून कोरडी निघते. उन्हाळ्यात तलाव आटला की पोट्टे तिथून सायकली काढतात, ते पाहून कोणी ओढली असन. खुल्यात तेबी नाही. एक निळा डाग अन् बाजूले पांढरं. दीडशे घरं, शाळा, मारुती, काहीच नाही. कसंतरी झालं. म्हणजे मी कुठून आलो?

मॅडमनं वरून काढलेला फोटो मागं लावून दिला होता. त्याच्यावर बोटानं रेघ ओढाची. पहिले तलावाची पाळ ओढली. मग पाळीवरून गावात येणारा रस्ता, पिंपळापाशी दोन फाटे, एक शाळेकडे, एक आमच्या घराकडे. बोट जाड, चार वेळा पुसलं. हेमराजनं तीनदा विचारलं भजे खाते का. चौथ्यांदा तोच खाऊन आला.

२८ सप्टेंबर, रविवार

आता घरं. काही घरं वरून ओळखूच येत नाहीत, सगळे पत्रे सारखे. शुभांगीले फोन लावला. माही धाकटी बहीण, बारावी सायन्स, दोन वर्षं झाली घरीच आहे.

"पिंपळाजवळचं पयलं घर कोणाचं ग?"

"भाऊ, तू तिकडं कामाले गेला का पटवारी झाला?"

"सांग ना."

"डोमाचं."

"कोणता डोमा?"

"रडका डोमा. कोंबड्याचोर डोमा विहिरीकडे राह्यते ना."

चिचबोडीत दोन डोमा, तीन सुखराम, दोन यादोराव. नुसत्या नावानं माणूस सापडत नाही, गावानं पाडलेल्या नावानंच सापडते. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पाव्हण्याले पत्ता सांगाचा तं तसाच सांगा लागते. म्हणून तसंच लिहिलं. रडका डोमा. कोंबड्याचोर डोमा. उधार-बंद सुखराम, ज्याचं किराणा दुकान. म्हशीवाला यादोराव. लबाड यादोराव, हे पाळ उतरली की उजव्या हाताले पहिलं घर, आईचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे मामाच. त्यायच्या घरापासून डावीकडे वळलं की आमचं घर.

मग 'पाठवा' दाबलं. रस्ता लोकायच्या कामी येईन, नावं माह्या कामी.

५ ऑक्टोबर, रविवार

आज वावर काढलं. पाळीच्या खालतं, धानाच्या सहा बांध्या. चारही बाजूचे धुरे, म्हणजे वावराच्या हद्दी, ओढल्या तं फोननं स्वतःच सांगतलं, ०.६१ हेक्टर. म्हणजे दीड एकर. बरोबर. बाबाच्या नावानं लिहिलं: कवडूचं वावर, दीड एकर. बाजूले लागून मोठेबाबाचं, बाबाच्या मोठ्या भावाचं, दोन एकर. वाटणीत त्यायले जास्त गेलं, त्यायनं आजोबाचं कर्ज फेडलं म्हणून.

बाबाले सांगाले फोन केला. बाबा म्हणे, "माह्या वावराचा धुरा मले माहीत आहे. तुह्या फोनले कायले पाहिजे?" मग म्हणे, "कोपऱ्यातला मोह दाखवला का?"

"नाही."

"मग काय काढलं?" अन् ठेवला.

मोहाचं झाड टाकलं.

१५ ऑक्टोबर

आईचा फोन. स्थळ आलं शुभांगीले! यादोराव मामानं आणलं. मुलगा वरठीचा, भुपेंद्र नाव, प्लांटात कामाले. दुमजली घर आहे म्हणे स्वतःचं. मामानं आपल्याकडचं बी सांगून ठेवलं, साडेतीन एकर ओलित, अन् मोठा भाऊ हैदराबादले कंपनीत सुपरवायझर.

मले हसू फुटलं. आई म्हणे, "हासू नोको. बोलणीत थोडं वाढवूनच सांगा लागते. थे बी वाढवतच असतीन. दोन स्थळं मोडली, निकेश. हे तिसरं. हे बी गेलं तं लोक पोरीतच काही आहे म्हणतीन."

मग मी बी हसणं बंद केलं. खरं आहे. गावात तिसऱ्यांदा मोडलं की मग कोणी येत नाही, येते तं बिजवर येते.

शुभांगीले म्हटलं, काय म्हणते मग? ती म्हणे, "काय म्हणू? त्यायले तलावातल्या रस्त्यानं पाठव." दोघंबी खूप हसलो. तिले मजाक सुचून राहिली म्हणजे खूश आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सुट्टी नाही. शुभांगीनं फोनासमोर ताट फिरवलं, आई म्हणे दिवा पाहून, फोन जाईन.

पाव्हणे ९ नोव्हेंबरले येतीन, आमच्या गावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवशी. दंडारीचा खेळ आहे, पाळणे आहेत, गाव भरलेलं दिसते, म्हणून मामानं तोच दिवस धरला.

सेठनं विचारलं, संध्याकाळी फोन बंद काहून दिसते. म्हटलं, ड्युटीत चालू राहीन, ड्युटी संपली की बंद. तो पाहातच राह्यला. "बडा वकील आया." पण मानला. दोन वर्षात मी ह्याले पहिल्यांदा काही म्हटलं, अन् तो मानला. दिवसभर गाडी हलकी चालली.

७ नोव्हेंबर

भुपेंद्रचा स्वतःचा फोन आला. आवाज नरम. "निकेशभाऊ ना? तुमच्या गावचा रस्ता विचाराचा होता. नकाशात तलावातून दाखवते."

मले तं तेच पाहिजे होतं. वीस मिनिटं बोललो. म्हटलं, मोठा नका वापरू, पाण्यात जाल. अन् आंधळगावच्या पुढं वाटेत टावर बी नाही, गाव येईपर्यंत फोन मुका राह्यते. खुला टाका, घरूनच उतरवून घ्या. नेट लागत नाही, कुठं जाता ते साठवत नाही, कोणाले सांगत नाही. एकदम बिनधास्त.

"तुम्ही काढला हा?"

"होय."

"एकट्यानं?"

"होय."

"वा," म्हणे. म्हटलं, मामाच्या घराशी थांबा, ते घेऊन जातीन. पाळ उतरली की उजवीकडे पहिलं घर, त्यात घर काढलेलंच आहे.

फोन ठेवल्यावर हेमराजले म्हटलं, पाह्य, सुपरवायझर नाही झालो, पण पाव्हणे माह्या रस्त्यानं येऊन राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी: गाडी धुतली. काही काम नव्हतं तरी धुतली.

बारा वाजता: आईचा फोन लागत नाही. मंडईत आवाज असन.

दोन वाजता: लागत नाही. हेमराज म्हणते बस एका जागी. बसलो. उठलो.

पाच वाजता: शुभांगीनं उचलला. "गेले."

"काय झालं?"

"उद्या सांगते. मामा इथंच आहेत अजून." मागून मामाचा आवाज येत होता, माहंच नाव घेऊन राहिले होते, पण चांगल्यानं नाही.

१० नोव्हेंबर

जे झालं ते असं. शुभांगीनं परसात जाऊन सांगतलं. मधून मधून हसत होती. मले काही हसू आलं नाही.

जीप पाळीवरून बरोबर आली. पुढं भुपेंद्र, मांडीवर फोन. मागं त्याचे वडील गोमाजी अन् आई. मामा दारातच उभे, नवीन टोपी, हात जोडून. भुपेंद्र मान खाली घालून फोनातलं वाचते, अन् मोठ्यानं: "बाबा, इथंच थांबाचं ना? 'लबाड यादोराव' लिहून आहे."

जीप बंद झाली होती. सगळ्यायले ऐकू गेलं. समोर दंडारीचे पोट्टे बसले होते, ते लोळले.

मामानं टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणे, कोणी तरी चावटपणा केला असन. बसले सगळे, आमच्या घरी आले. वाटेत 'रडका डोमा' बी लागला, तो बिचारा दारातून राम राम करून राहिला होता. घरी पोहे झाले, लाडू झाले. मग गोमाजीनं विचारलं, वावर कुठीशी आलं? मामा म्हणे, साडेतीन एकर, पाळीच्या खालतं, पूर्ण ओलित. अन् त्या भुपेंद्रनं, शुभांगी म्हणते त्याच्या मनात काही नव्हतं, त्यानं फोन पुढं केला. "हो, दाखवते ना इथं. कवडूचं वावर, दीड एकर. कोपऱ्यात मोह."

गोमाजीनं मामाकडे पाहिलं, मग बाबाकडे. बाबानं पानाचा डबा त्यायच्याकडे सरकवला अन् म्हणे, "दीडच आहे. बाजूचं माह्या भावाचं. पोरानं बरोबर काढलं."

मग पाव्हणे मंडई पाह्यतो म्हणून उठले, अन् मंडई न पाहता गेले.

म्हणजे नावं बी सगळ्यायले दिसतात. मेघा मॅडमनं सांगाले पाहिजे होतं असं काही असन तं.

बाबाले फोन दे म्हटलं. शुभांगी म्हणे, ते वावरात गेले. धान कापून झालं, आता वावरात काय आहे?

११ नोव्हेंबर

गावात प्रत्येकाच्या फोनात नकाशा. दंडारीच्या पोट्ट्यायनं सगळ्यायले टाकून दिला. आईले दुकानातून सुखरामनं परत पाठवलं. म्हणे, आमचं उधार-बंद आहे ना, मग कायले येता? कोंबड्याचोर डोमाची बायको निर्मलाबाई दारात येऊन आईले वाट्टेल तशी बोलून गेली. अन् रडका डोमा आला तो खरंच रडला, आई म्हणे.

आज सगळी पाडलेली नावं पुसली. एक एक. डोमा. सुखराम. यादोराव मामा. पुसून झाल्यावर नकाशात चांगल्या लोकायचं गाव दिसाले लागलं, पण कोणता डोमा कोणता ते माहं मलेच समजेना.

दुपारी मामाचा फोन. मी माफी मागितली. ते म्हणे, "माफी ठेव बाजूले. गोमाजी अजून नाही म्हटले नाहीत. तू त्यायले फोन कर, सांग माहं बोट चुकलं. अन् तिथं साडेतीन कर. दोन मिनिटाचं काम आहे. तोडलं तू, जोडाचं बी तूच."

"पण मामा, बाबानं तोंडानं सांगतलं ना."

"तुहा बाप साधा आहे. त्याचं कोण धरते? लिहिलेलं धरतात."

१३ नोव्हेंबर

दोन दिवसापासून फोन हातात घेतो, ठेवतो. काल चुकीच्या दुकानात पाईप उतरवून आलो.

साडेतीन लिहाले काही नाही लागत. पण लिहून भागत नाही, काढा लागते. मोठेबाबाचे दोन अन् आपले दीड एक कराचे तं मधातला धुरा पुसा लागते. आज दुपारी पुसला. दोन्ही वावरं एक झाली. चांगलं मोठं दिसत होतं. 'पाठवा' नाही दाबलं. शुभांगीले फोन लावला.

"भाऊ, तू मोजलं होतं ना?"

"मोजलं."

"मग राहू दे."

"अव, स्थळ जाईन."

"जाऊ दे."

"तुले पोट्टा पसंत नव्हता का?"

"पोट्टा बरा होता. लाडवात खडा निघाला तं चुपचाप खिशात टाकला त्यानं. आईले दिसू नाही दिलं."

"मग?"

"मग काय? साडेतीन एकरवाल्या पोरीले पाहाले आला होता तो. थे मी नाही." मग म्हणे, "भाऊ, एक सांगू? रागावू नोको. मी सप्टेंबरातच नर्सिंगचा फॉर्म भरला. भंडाऱ्याचं कॉलेज आहे. वीस तारखेले यादी लागते."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू तरी कुठं सांगतलं होतं, रविवारी स्टेशनवर जाऊन बसते म्हणून? हेमराजभाऊनं सांगतलं."

हेमराजले आता पाहून घेतो. नकाशे परवडले.

'रद्द' दाबलं. धुरा परत आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन गोष्टी. नकाशात गाव पाहात होतो तं आमच्या घरावर कोणी लिहून ठेवलं: पयपुट्यायचं घर.

पयपुटे म्हणजे पळपुटे. हेमराजले विचारलं, तं तो म्हणे, "तुले माहीत नव्हतं? मोहाडीत बी तुमाले तेच म्हणतात." आजोबा बालाघाटच्या खाणीत गेले, बाबा भिलाईले, मी इथं. बाबा तं परत आले, वीस वर्षं झाली, वावर सोडून कुठं गेले नाहीत. पण गावानं नाव परत घेतलं नाही. सत्तावीस वर्षांचा झालो, आज समजलं. ज्यानं लिहिलं त्याचा राग आला. पुसाले बोट नेलं. डोमाले रडका लिहिताना मी काय विचार केला होता? राहू दिलं.

दुसरी गोष्ट काही समजली नाही. वरठीचा भाग पाहिला, उगाच. स्टेशनच्या मागं एका घरावर नवीन लिहिलेलं: भुपेंद्रचं घर, भाड्याचं, दोन खोल्या. खाली: प्लांटात ठेकेदाराकडे, पर्मनंट नाही. दुमजली म्हणत होते ना? हा कायले स्वतःची फजिती करून घेऊन राहिला? माही नक्कल करून चिडवते वाटते. शुभांगीले सांगतलं. म्हटलं पाह्य, कसे लोक आहेत. तिनं ते माह्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणे, "कुठीशी लिहिलं म्हणतो? मले कसं पाहा लागते ते सांग." सांगतलं.

२१ नोव्हेंबर

शुभांगीचं यादीत नाव लागलं. आई म्हणे, तीन वर्षं शिकन तं लग्न कधी कराचं? मामा म्हणे, पोरगी हातची जाईन. ह्या दोघायचं बोलणं झाल्यावर बाबानं फोन घेतला. नऊ तारखेपासून पहिल्यांदा बोलले.

"ते कॉलेज भंडाऱ्यात कोणत्या बाजूले आहे?"

"सांगतो बाबा. बसस्टँडवरून..."

"तोंडानं नोको सांगू. तुह्या त्याच्यात दाखवते का? मी नेऊन देईन तिले, सोमवारी. पैसे भरासाठी सोमवारच शेवटचा आहे."

शुभांगीच्या फोनात चिचबोडी ते भंडारा उतरवून घ्याले लावलं. बाबा विचारत होते, हा निळा म्हणजे आपला तलाव का, अन् हा टिपका म्हणजे आपण का, मग आपण चाललो की तो बी चालते का. शुभांगी हो म्हणे. मग मले म्हणे, "तू कुठं दिसते ह्यात?"

"मी नाही दिसत बाबा. हा कोणाले दाखवत नाही."

"अस्सं," म्हणे. अन् मग, "बरं."

सेठकडून पुढच्या महिन्याची उचल घेतली, हेमराजनं त्याचे टाकले, मी माह्या पेटीतले काढले. शुभांगीच्या खात्यात पाठवले, फीचा पहिला हप्ता अन् हॉस्टेलची अनामत मिळून: चौदा हजार सहाशे रुपये.